आबांच्या वाट्याची सव्वा मूठ

माझ्या जेठांच्या डोक्याचा फोटो मी काढायला लावला. जेठ म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. बठ्ठं गाव, म्हणजे सगळं गाव, त्यांना आबा म्हणायचं. तो फोटो काढला नसता तर आबा चार म्हाताऱ्यांसारखे निमूट मेले असते आणि घराण्याचं नाव खराब झालं नसतं, असं आमच्या भाऊबंदीत अजून बोलतात. बोलू देत. मी पंचाहत्तरी ओलांडली आहे, शाळा चौथीपर्यंत झाली, आणि जे झालं ते मला जसंच्या तसं आठवतं. ज्यांना विसरायचं असेल त्यांनी खुशाल विसरावं. त्यांच्या मेंदूला काही झालेलं नाही, तरी ते विसरतात.

आमचं गाव चोपड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. विहिरीवर केळी, वरच्या रानात कापूस. सासूबाई गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो: आमचे मालक, मी आणि आबा. आबांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. मला दोन मुली. एक दोंडाईचाला दिली, एक धुळ्याला.

जेठाशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते ओट्यावर आले की पदर नाकापर्यंत ओढायचा आणि आत जायचं. एका छपराखाली आम्ही तीसेक वर्षं राहिलो आणि एकमेकांना सरळ एक शब्द बोललो नाही. मालक घरात असले की त्यांच्या तोंडून निरोप जायचा. नसले की मी दारातल्या वासराला सांगायची, "वासरा, ताट वाढलंय." आबाही वासरालाच सांगायचे, "वासरू, आज भाजीमा मीठ जरा जास्ती पडनं." वासरं बदलत गेली, बोलणं तेच राहिलं. आता हसू येतं. तेव्हा कोणाला येत नव्हतं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण धाकटी लेक आता धुळ्याहून पुण्याला गेलीय, तिच्या शेजारणी विचारतात म्हणून लिहिते. देवीपुढे जे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात, त्यांचे गहू भाऊबंदीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मोजतात. एकेकाचे सव्वा मूठ. पोर पाळण्यात असलं तरी त्याची मूठ, म्हातारा खाटेला खिळला असला तरी त्याची मूठ. बायकांच्या नावाची मूठ नाही. निवडतो आम्ही, लाटतो आम्ही, चुलीपुढे भाजून निघतो आम्ही. त्या दिवशी चक्कीवाला चक्की पुसून आधी देवीचं दळण दळतो. ते रोट फक्त भाऊबंदांच्या घरातल्यांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. मोजायचा मान घराण्यातल्या सगळ्यात वडील पुरुषाचा, म्हणजे आबांचा. ते आंघोळ करून पाटावर बसायचे आणि एकेकाचं नाव घेत सुपातली मूठ पाटीत टाकायचे. वर पाव मूठ. एवढी माणसं, पण त्यांचं नाव कधी पुढेमागे झालं नाही.

एका वर्षी झालं. नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या चुलत दिरांना, नानांना, त्या वर्षी पहिला नातू झाला होता. नाना आमच्या मालकांपेक्षा लहान, त्यामुळे त्यांच्याशी मी बोलायची. बोलायची म्हणजे भांडायचीच. आबा मोजता मोजता मध्येच थांबले, सुपाकडे बघत बसले, मग पुढे मोजून उठायला लागले.

नाना म्हणाले, "आबा, मन्हा नातू?"

"मोजना ना."

"नही मोजना. तुमना बापनी मूठ मोजी तुम्ही! त्याले मरीसन किती वरीस व्हयनात? मरेलनी मोजी अन् जित्ता पोरनी सोडी?"

बाकीचे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी पोराची मूठ टाकली, पण ती शेवटी पडली, मागून, चूक दाखवल्यावर. पुढच्याच आठवड्यात त्या पोराला जुलाब लागले. चोपड्याला नेलं, सलाईन लावलं, पोर बरं झालं. पण बोलणं थांबेना. नानांची बायको आमच्या भिंतीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "ज्याना घर पाळना नही, त्याले दुसराना पाळना कसा देखवाई?"

म्हणजे निपुत्रिक माणूस, पोटात जळलं, म्हणून मुद्दाम नाव गाळलं. ज्या माणसानं भाऊबंदीतल्या प्रत्येक पोराला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याच्याबद्दल हे. आबांनी कोणाशी वाद घातला नाही. एका दुपारी ओट्यावर बसून त्यांनी वासराला विचारलं, "वासरू, मी खरंच मोजं नही का रे?"

मी आत भाकरी थापत होते. मला उत्तर देता येत नव्हतं, वासरालाही येत नव्हतं.

त्यानंतर मी त्यांच्याकडे लक्ष ठेवायला लागले. धोतराचा काष्टा सुटा राहायचा. हातातली बादली विहिरीच्या काठावर निसटायची. चाल जड झाली होती, चिखलातून चालल्यासारखी पावलं उचलायचे. केळीच्या बागेतून घरी येताना जिथं दोन वाटा फुटतात तिथं उभे राहायचे, कोणी येईपर्यंत. बोलायला लागले तर मधला शब्द सापडायचा नाही. जेवण कमी झालं, अंग वाळलं. मी मालकांना म्हटलं, तर ते म्हणाले, "म्हातारपण शे. तुले काय कराना शे?"

बासष्ट-त्रेसष्ट वय. त्यांच्याहून मोठे म्हातारे गावात पत्ते कुटत होते.

नानांनी वेगळाच बेत काढला. साक्रीच्या पलीकडे डोंगरातल्या एका खेड्यात कोणी भगत होता. त्याच्यापुढे बसवलं की माणूस पोटातलं कबूल करतो म्हणे. "आबास्ले तथा लई जाऊत," नाना म्हणाले. "जे शे ते वकी टाकतीन."

मालक हो म्हणायच्या बेतात होते. मी पदर नीट केला आणि म्हटलं, "न्या. पण आधी डॉक्टरकडे न्या. डॉक्टर म्हणाला काही नाही, तर मग भगताकडे मी स्वतः घेऊन जाते."

चोपड्याचे डॉक्टर म्हणाले, वय झालं, टॉनिक द्या. टॉनिकची बाटली संपली, आबा होते तसेच. धुळ्याच्या जावयानं सांगितलं, जळगावला डोक्याच्या आतला फोटो काढणारं मशीन आलंय, तिथं मेंदूच्या डॉक्टरीणबाईही बसतात. मी हट्टच धरला. मला बाकी काही नको होतं. आबांनी नाव मुद्दाम गाळलं नाही, एवढं कोणीतरी शिकलेल्या माणसानं दाखवून द्यावं, आणि ते मी नानांच्या तोंडावर मारावं.

आम्ही तिघं एस्टीनं जळगावला गेलो. मशीन म्हणजे एक जातं उभं केलेलं, मध्ये भोक. त्या भोकात माणसाचं डोकं सरकवतात. खोली श्रावणातल्या पहाटेसारखी गार. आबांना फळीवर निजवलं की ते उठून बसायचे. पुन्हा निजवलं की पुन्हा. मशीनवाला पोरगा वैतागला. "घरचं कोणीतरी आत थांबा, डोकं धरा." मालकांनी मशीनकडे बघितलं आणि त्यांना एकदम बिडी ओढायला बाहेर जावंसं वाटलं.

मग मी गेले. मला एक जड कोट घातला, बैलाच्या जुवासारखा खांद्यावर बसला. मी आबांच्या डोक्याशी उभी राहिले, आणि इथं वासरू नव्हतं. मी म्हटलं, "आबा, हालू नका."

त्यांनी वर बघितलं. कोट पेलताना माझा पदर मागे सरकला होता. तीस वर्षांत त्यांनी माझं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं असेल.

"कोन शे तू?"

"तुमच्या धाकल्याची बायको."

ते म्हणाले, "नही. ती मन्हासंगे बोलत नही."

"आता बोलते. पडून राहा."

आणि ते पडून राहिले. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. मला शरम वाटायला हवी होती, असं नंतर जावांनी मला सांगितलं. मला त्या वेळी फक्त एवढंच वाटलं, की हे डोकं हलकं लागतंय.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला तोडून बोलायच्या, मला आवडल्या. त्यांनी काळी काचेसारखी फिल्म उजेडाच्या डब्यावर लावली. एकेका चौकटीत आबांचं डोकं, आडवं कापल्यासारखं.

"हा मेंदू," बाई म्हणाल्या. "हा कवटीला भिडलेला हवा. मध्ये ही काळी फट दिसते ना? तेवढा आकसलाय. मधल्या या पाण्याच्या जागा मोठ्या झाल्यात. आणि आत, दोन्ही बाजूंना, हे काळवंडलंय. वयानं मेंदू थोडा आकसतो. एवढा या वयात नाही."

मला कळलं. शेंगेत दाणा वाळून बारीक झाला की शेंग हलवल्यावर खुळखुळते. बाहेरून ती चांगल्या शेंगेसारखीच दिसते.

मालक म्हणाले, "म्हणजे म्हातारपणच ना, बाई?"

"तुमचं वय काय?"

"छप्पन-सत्तावन्न."

"मग तुमचाही काढू का, शेजारी लावून बघू?"

मालक खुर्चीत मागे सरकले. मी विचारलं, "बाई, माणसाचं नाव विसरणं यानं होतं का? मुद्दाम नाही ना ते?"

"मुद्दाम?" बाई म्हणाल्या. "मुद्दाम काही करायची ताकद यांच्यात राहिलेली नाही, आजी." मी तेव्हा पन्नाशीचीही नव्हते, पण आजी म्हणाल्या ते चाललं. मला हवं ते मिळालं होतं. मी उठणार, एवढ्यात बाईंनी आबांना तोंड उघडायला सांगितलं. जिभेवर, टाळूवर दही सांडल्यासारखा पांढरा थर होता. मी तो बघितला नव्हता. जेठाच्या तोंडात कोण बघतं? बाईंनी फिल्मकडे बघितलं, आबांच्या दंडाच्या काड्यांकडे बघितलं, आणि विचारलं, "यांना कधी रक्त चढवलं होतं का?"

मालक खाली बघायला लागले. मी सांगितलं, हो. धुळ्याला.

ऐंशी ते नव्वदमधलं शेवटचं एखादं साल असेल. साक्रीकडच्या एका सोयऱ्याच्या दिवसांना आबा आणि भाऊबंदीतले सगळे कर्ते पुरुष गेले होते. परत येताना आबांना रक्ताची उलटी झाली. पोटातला व्रण फुटला होता. धुळ्याला एका दवाखान्यात टाकलं. आम्ही बायका मागून पोहोचलो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ऑपरेशन करतो, रक्त लागेल, घरचे कोण देता?

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आमचं घराणं उभं होतं. दूध-तूप खाऊन पोसलेले गडी. एकानं सांगितलं, मला चक्कर येते. एकाचं म्हणणं, रक्त दिलं की माणूस कायमचा खचतो, औत धरवत नाही. आमचे मालक पांढरेफटक पडले होते, सुई बघूनच. मी पदराआडून सासूबाईंना म्हटलं, "माझं घ्या म्हणावं." त्या माझ्या अंगावर खेकसल्या, "जेठना अंगमा भावजयनं रगत? लाज शे का तुले?" म्हणजे भावजयीनं बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, आणि मरणाऱ्याला रक्तही द्यायचं नाही.

शेवटी नाना गेले आणि विकत बाटली घेऊन आले. त्या काळी तशी माणसं असायची, पैशासाठी रक्त विकणारी. कोणाचं, कसं, कोणी तपासलं की नाही, कोणी विचारलं नाही. बाटली लाल होती, एवढं बघितलं. आबा वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "रगत कोनी दिधं?" सासूबाई चटकन बोलून गेल्या, "धाकलानी." मालक तिथंच उभे होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

त्या दिवसापासून आबा चारचौघांत सांगायचे, मन्हा अंगमा धाकलानं रगत शे. दुधावरची साय आली की माझ्याकडे, म्हणजे वासराकडे, निरोप यायचा: "वासरू, साय धाकलाले दे." आणि मालक ती खायचे. कित्येक वर्षं खाल्ली.

जळगावच्या बाईंनी आबांचं रक्त तपासायला पाठवलं. रक्त घेणारा माणूस आबांकडे बघून दात काढत म्हणाला, "काय बाबा, या वयात?" ते दात पाडावेत असं मला वाटलं. नंतर बाईंनी आम्हा दोघांना आत बसवून सांगितलं. एड्सचा विषाणू. तोच मेंदूत गेलाय, त्यानं मेंदू खाल्ला. परदेशात औषधं निघालीत म्हणतात, आपल्या हाती लागायची नाहीत. आणि बाईंनी हेही बजावून सांगितलं, की शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका घरात राहिल्यानं हे कोणाला होत नाही. मालकांनी ते माझ्याइतकंच ऐकलं.

पण मालकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर त्यांनी नानांना सांगितलं, आणि दुपारपर्यंत गावाला माहीत. रक्ताची गोष्ट मात्र तेवढी सांगितली नाही. न्हावी यायचा बंद झाला. चोपड्याचे डॉक्टर म्हणाले, इथं आणू नका, बाकीचे पेशंट पळतील. दोंडाईचाच्या लेकीला तिच्या सासरच्यांनी माहेरी धाडायचं बंद केलं. नाना पारावर बसून म्हणायचे, "साठी उलटनी तरी नाद सुटना नही म्हाताराना!"

मी मालकांना म्हटलं, धुळ्याची गोष्ट सांगा त्यांना. बाटली कोणी आणली ते सांगा. ते रडायला लागले. "आबाले समजी जाई मी रगत दिधं नही म्हणून. तो जित्ता शे तवलग तू तोंड उघडू नको. तुले मन्ही शपथ." मी शपथा मानत नाही. पण आबांच्या डोक्यात आता मोजकंच उरलं होतं, त्यात धाकट्या भावाचं रक्त होतं. ते मला काढून घ्यायचं नव्हतं. मी गप्प बसले.

एक मात्र झालं. नाव मुद्दाम गाळलं असं आता कोणी म्हणेना. फोटोवर सगळ्यांचा विश्वास बसला, बघायला रांग लागली होती, जो तो फिल्म आभाळाकडे धरून "हाई मेंदू का?" म्हणायचा. आबा जळकुकडे ठरले होते तोपर्यंत त्यांचा पाट होता, त्यांची मूठ होती. निर्दोष ठरले तशी दोन्ही गेली. याला काय म्हणावं, मला आजही कळत नाही.

पुढच्या श्रावणात कानबाई नेहमीप्रमाणे आमच्याच घरी बसली. देवी हलवायची नाही म्हणून आले सगळे, पण ओट्यावर न चढता खाली अंगणात बसले. आबांना मी आंघोळ घालून, धुतलेलं धोतर नेसवून ओट्याच्या खांबाला टेकवून बसवलं होतं. आंघोळ आता मीच घालायची. मालक बादली भरून द्यायचे, एवढं त्यांना जमायचं. अंगणातल्या पाटावर नाना बसले. वयानं मान आता मालकांचा होता, पण ते मागे सरले. मोजायला लागले. नाव, मूठ, पाव मूठ. नातवाची मूठ त्यांनी पहिलीच टाकली. आमच्या मालकांची टाकली. मग हात झटकून म्हणाले, "व्हयनं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. म्हटलं, "नाना, एक राहिली."

"कोननी?"

"तुम्हाला माहीत आहे कोणाची."

"वहिनी, मूठ मोजतांना बायकास्नी मजार बोलू नही."

"मग पुरुषानं बोलावं." मी मालकांकडे बघितलं. ते देवीच्या नारळाकडे बघत होते, जसं काही नारळच आता बोलणार आहे.

आबा विसरले तेव्हा ती करणी होती. शहाण्यासुरत्या माणसानं डोळे उघडे ठेवून नाव गाळलं, तर ती अक्कल. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी बाहेर आले, भाऊबंदीच्या मधून चालत सुपाजवळ गेले, सूप आणि पाटी उचलून आबांपुढे ठेवली. सगळ्यांच्या देखत, पदर खांद्यावर, मी त्यांना म्हटलं, "आबा, मूठ."

कोणीतरी "ह्या!" केलं. भावजय जेठाशी बोलली. त्या घरात एड्स चालला नाही तसं हेही चाललं नाही.

आबांनी हात पुढे केला. सुपात घातला. पण बोटं मिटेनात, गहू गळून गेले. त्यांनी पुन्हा घातला, पुन्हा गळले. मग मी त्यांचा हात माझ्या हातात धरला, त्यांची बोटं माझ्या बोटांनी मिटवली, आणि ती मूठ पाटीत टाकली. वर पाव मूठ. आणि तेवढ्यावर थांबले नाही. त्यांचा हात पाटीतच होता, तो मी गव्हातून फिरवला, खालपासून वरपर्यंत, आपण पेरायच्या बियाण्याला औषध चोळतो तसा.

"बठ्ठं बाटाडी टाकं!" नानांची बायको ओरडली. "बठ्ठा गहूमा हात फिरावना!"

"मग निवडा आता," मी म्हटलं. "तुमचे कोणते, त्यांचे कोणते, बसा निवडत. की टाकून देता? देवीचे गहू आहेत."

टाकता येत नव्हते. दुसऱ्यांदा मोजता येत नव्हते. निवडता येत नव्हते. नाना उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "हाई बाई घर बुडाई." बुडवलं असेल. मी पाटी उचलली आणि चक्कीवर नेली.

त्या संध्याकाळी सगळे आरतीला आले, लांबून हात जोडले, आणि पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कशालाही न शिवता निघून गेले. चुलीपुढे माझं पाणी झालं होतं आणि सगळ्या घराण्याचे रोट पाटीत तसेच राहिले. मी तीन ताटं केली. मालक ताटाकडे बघत बसले.

"जेवा," मी म्हटलं. "तुमच्याही नावाची मूठ आहे त्यात. आणि साय खाताना कधी विचार केला नव्हता तुम्ही."

त्यांनी खाल्लं. आबांना मी रोट दुधात कुस्करून भरवला. मी खाल्ला. दुसऱ्या दिवशी खाल्ला, तिसऱ्या दिवशी खाल्ला. रोट वाळून कवलासारखे झाले. गुळाशी, ताकाशी, नुसत्या मिरचीशी. माझा जबडा दुखायला लागला. ज्यांनी ज्यांनी तोंड फिरवलं होतं त्या एकेका पुरुषाच्या नावाचा वाटा मी चावून गिळला, आणि प्रत्येक घासाला त्याला एक शिवी दिली. देवीपुढे शिव्या देऊ नयेत. देवीनं मला काही केलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी मागच्या दारानं नानांची सून आली. काखेत तेच पोर, ज्याचं नाव गळलं होतं. इकडेतिकडे बघत म्हणाली, "काकू, एक रोट द्या ना. पोराच्या नावाचा आहे. नाही खाल्ला तर काही व्हायचं."

ती दया म्हणून आली नव्हती. भीती म्हणून आली होती. मला चाललं. मी म्हटलं, "घेऊन जाता येणार नाही. इथं बसून खायचा." ती बसली. पोर खाली उतरलं, रांगत आबांच्या ताटाशी गेलं आणि त्यातला कुस्करा उचलून तोंडात घातला. तिचा हात पुढे गेला. मी तिच्याकडे बघितलं. तिनं हात मागे घेतला. आबांनी ताट पोराकडे सरकवलं, आणि ते दोघं त्या ताटातून खात राहिले.

दिवाळीच्या आधी आबा गेले. फोटो सोबत जाळा, असं नाना म्हणाले. मी दिला नाही, तो माझ्या पेटीत आहे. पण मेलेल्या माणसामुळे कोणी बाटत नाही बहुतेक. सगळे खांदा द्यायला आले. सगळ्यांनी सुतक पाळलं, सगळ्यांनी डोकी भादरून घेतली. बारा दिवस आमच्या ओट्यावर इतकी चकचकीत टाळकी बसलेली होती, की आबांच्या आजारपणात त्यातलं एकही त्या ओट्यावर चढलं नव्हतं हे सांगून कोणाला खरं वाटलं नसतं.

तेराव्याला चोपड्याचे, दोंडाईचाचे, धुळ्याचे सोयरे आले. पंगती बसल्या. नाना हात जोडून मध्ये उभे राहिले. म्हणाले, "काय सांगू, पाव्हणा. आमनं बठ्ठास्नं एकच रगत. त्यामानं अर्धं आज गयं."

माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं. मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. पण त्यांनी शपथ घातली होती ती आबा जिवंत असेपर्यंतची.

मी पातेलं खाली ठेवलं. "तुमनं रगत नव्हतं त्यास्ना अंगमा, नाना," मी म्हटलं. "तुमनं नव्हतं, सख्खा भाऊनं बी नव्हतं. पायऱ्यास्वर उभा व्हतात बठ्ठा. विकतनं व्हतं. तुम्हीच आणेल व्हतं, धुळाथून. त्याच रगतनी मारं त्यास्ले."

पंगतीत भात कालवणारे हात थांबले. मालकांनी आपल्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो तसाच तिथं राहिला. नाना उभेच होते.

मी पातेलं उचललं आणि पुढच्या पानावर वरण वाढलं.